चाळिशी कोनाड्यात, फवारणी अंदाजाने

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खरिपात एका गावी कपाशीच्या पाहणीला गेलो होतो. पीक पात्यांवर आलेले, उगवण चांगली, पण पाने पाहिली तर भेंडीची वाटावीत अशी. लांबट, चिरलेली, शेंडे पिळवटलेले. बांधापलीकडची शेजाऱ्याची कपाशी मात्र ठणठणीत. शेताचे मालक साठी उलटलेले. त्यांना विचारले, "आबा, काय मारलं होतं?" ते म्हणाले, "तुम्हीच लिहून दिलेलं, साहेब. तुडतुड्याचं."

बाटली मागवली. ती निघाली टू-फोर-डीची, उसातले तण मारायला आणलेली. दोन्ही बाटल्या घरात एकाच फळीवर, दोन्हींची झाकणे एकाच रंगाची. आबा म्हणाले, "अक्षर कुठं दिसतंय आता? झाकणावरून उचलली." मी विचारले, "चष्मा नाही का केला?" तर म्हणाले, "केलाय की. कोनाड्यात आहे. नाकावरून घसरतो, कानामागं टोचतो. घाम आला की नुसता ताप. कोण घालतंय?"

दीड एकर कपाशीचे त्या वर्षी मातेरे झाले. चष्म्याचे पैसे तर आधीच गेले होते, पीकही गेले. आबांचा दोष म्हणावा तर त्यांनी डोळे तपासले होते, पैसेही मोजले होते. चूक झाली ती चष्मा निवडण्यात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या पानावर आपण बियाणे, खते, औषधे यांवर बोलतो. आज चष्म्यावर बोलायचे आहे, कारण चष्मा हेही शेतीचे अवजार आहे. खुरप्याची मूठ हाताला बसते का हे आपण पाहतो. विळा घेताना पाते बोटाने चाचपतो. बैल घेताना तर दात मोजल्याशिवाय सौदा होत नाही. मग रोज बारा तास नाकावर बसणारी वस्तू दुकानदार देईल ती, पाच मिनिटांत उचलून का आणावी? आमचे म्हणणे एवढेच की जो चष्मा दिवसभर डोळ्यांवर राहतो तोच स्वस्त. जो कोनाड्यात पडतो तो फुकट मिळाला तरी महाग.

चाळिशी म्हणजे दुखणे नव्हे

आपल्या भाषेने या चष्म्याला नावच चाळिशी दिले आहे, आणि ते बरोबर आहे. डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयाच्या चाळिशीच्या आसपास ताठर होऊ लागते. जवळचे पाहताना ते पूर्वीसारखे फुगत नाही. मग पोथी लांब धरावी लागते, सुईत दोरा जात नाही, मोबाईल हात लांब करून वाचावा लागतो. हे सगळ्यांचे होते. पहिलवानाचे होते आणि मास्तरांचेही होते. सुरुवातीला साधारण अधिक एकचा नंबर लागतो आणि साठीपर्यंत तो अडीचच्या आसपास जातो. चष्मा घातल्याने नंबर वाढतो ही समजूत चुकीची आहे. नंबर वयाने वाढतो, चष्मा घाला किंवा घालू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 सालच्या दृष्टीविषयक अहवालात असा अंदाज दिला आहे की, जगात 82 कोटी 60 लाख लोकांना जवळचे नीट दिसत नाही आणि त्यांची ती गरज पुरी झालेली नाही. त्यावर उपाय आहे साधा चष्मा.

त्याने कामात काय फरक पडतो? आसामातल्या चहामळ्यात याची रीतसर पाहणी झाली. चाळीस वर्षांवरील 751 मजूर घेतले. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना पाहणी संपल्यावर दिला. 2018 साली निष्कर्ष छापून आले. चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. तेच मळे, तीच कामाची माणसे, तेच हात. फरक होता चष्म्याचा. आपल्याकडे कापूसवेचणी, भाजीपाल्याची निवड, रोपवाटिकेतले काम, द्राक्षांची विरळणी ही सगळी जवळून बघून करायचीच कामे आहेत. हिशेब ज्याचा त्याने करावा.

आधी डोळा, मग दुकान

पहिले काम डोळे तपासून घेणे. ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी बसतात ते विचारून ठेवा. कमी दिसण्याचे कारण दर वेळी नंबरच असतो असे नाही. मोतीबिंदू असेल, काचबिंदू असेल, साखरेने पडद्याला इजा झाली असेल. काचबिंदू तर गुपचूप नजर खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. बाजारातला चष्मा घालून माणूस दोन वर्षे ढकलतो आणि तोवर फार उशीर होतो.

मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणा, मग नंबर काढा. साखर वरखाली झाली की नंबरही हलतो आणि आज केलेला चष्मा महिन्याने निरुपयोगी ठरतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असेल तर लगेच चष्मा करण्याची घाई नको. डोळा स्थिरावायला साधारण महिना-दीड महिना जातो. डॉक्टर सांगतील तेव्हाच करा.

नंबराचा कागद मागून घ्या आणि घरी जपून ठेवा. त्यावर उजव्या-डाव्या डोळ्याचा नंबर, आडवा नंबर असल्यास तो आणि त्याचा कोन, आणि जवळच्या कामासाठीची भर लिहिलेली असते. दोन्ही बुबुळांमधले अंतरही लिहून घ्या. हा कागद म्हणजे तुमच्या डोळ्यांचा सातबारा. तो हातात असला की चार दुकानांत भाव विचारता येतो.

फ्रेम नाकाला विचारून घ्या

दुकानात गेल्यावर माणूस आरशात आधी चेहरा बघतो. त्यात काही वावगे नाही, पण आरशाच्या आधी नाकाला आणि कानाला विचारा. फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ 50, 18, 140. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधले नाकावरचे अंतर, तिसरा काडीची लांबी. हे सगळे मिलिमीटरमध्ये असते. जुना चष्मा नीट बसत असेल तर त्याचेच आकडे बघून नवा घ्या. टायर घेताना आपण नंबर सांगतो ना, तसेच हे.

मग चष्मा डोळ्यांवर घाला आणि दुकानातच या गोष्टी करा. खुरपायला वाकतो तसे वाका आणि मान दोन्हीकडे हलवा. चष्मा घसरला तर तो शेतात टिकणार नाही. मोकळेपणी हसा. गाल फ्रेमला टेकून ती वर उचलली जात असेल तर फ्रेम मोठी आहे किंवा खाली बसली आहे. पापण्या काचेला लागत असतील तर काचेवर रोज डाग पडणार. कानशिलावर काड्या दाबत असतील तर फ्रेम अरुंद आहे आणि संध्याकाळी डोके धरणार. दहा मिनिटे तसेच बसा आणि काढून बघा. नाकावर लाल खड्डे पडले असतील तर ती फ्रेम परत ठेवा. दुकानदार कुरकुरला तरी चालेल. पैसे आपले आहेत, नाकही आपले आहे.

वजनाला हलकी फ्रेम घ्या. धातूची फ्रेम दिसायला नाजूक असते आणि नाकावरच्या गाद्या हलवून ती बसवून घेता येते, हा तिचा गुण. पण हलक्या धातूला घामाने हिरवा गंज चढतो आणि काहींच्या कातडीला खाज सुटते. प्लास्टिकची फ्रेम घामाला टिकते, पण नाकावरचा भाग पक्का असल्याने ती मुळातच नाकाला बसणारी हवी. टीआर-90 नावाच्या लवचीक प्लास्टिकच्या फ्रेमी आता तालुक्याच्या दुकानांतही मिळतात. त्या हलक्या असतात, वाकल्या तरी सहसा मोडत नाहीत. शेतातल्या माणसाला त्या सोयीच्या. धातूची घेतलीच तर गाद्या सिलिकॉनच्या मऊ घ्या, त्या कमी घसरतात आणि स्वस्तात बदलून मिळतात.

चष्मा कानामागे टोचत असेल तर तो कोनाड्यात टाकू नका. दुकानदाराकडे न्या. तो काडी गरम करून कानाच्या वळणाला बसवून देतो आणि बहुतेक जण त्याचे पैसे घेत नाहीत. आबांचा चष्मा मी स्वतः तालुक्याला नेला होता. पाच मिनिटांचे काम निघाले. त्या पाच मिनिटांसाठी दीड एकर गेले होते. हे काम घरी चुलीवर मात्र करू नका, फ्रेम वितळते आणि काचही खराब होते.

काच कामाप्रमाणे

काचा तीन प्रकारच्या. खरी काच चरे धरत नाही, पण जड असते, आणि फुटली तर तुकडे डोळ्यात जाण्याची भीती. शेतात, मोटारसायकलवर, कडबाकुट्टीजवळ ती नकोच. दुसरी साध्या प्लास्टिकची, दुकानात तिला बरेच जण फायबर म्हणतात. वजन काचेच्या जवळपास निम्मे, किंमत परवडणारी. तिला चरे लवकर पडतात म्हणून वरून कठीण थर दिलेली घ्या. बहुतेकांना एवढी पुरते. तिसरी पॉलिकार्बोनेटची. ती सहजासहजी फुटत नाही आणि उन्हातले अतिनील किरणही अडवते. मळणीयंत्र, वेल्डिंगचे दुकान, लाकूडकाम अशा ठिकाणी राबणाऱ्याने आणि शाळकरी मुलांसाठी थोडे जास्त पैसे टाकून ही घ्यावी.

नंबर मोठा असेल तर फ्रेम लहान निवडा. मोठ्या फ्रेमीत काच जाड आणि जड होते, मग पातळ काचेसाठी जादा पैसे मोजावे लागतात. लहान गोलसर फ्रेम घेतली की हा खर्च वाचतो. उन्हात आपोआप काळी होणारी काच, चमक मारणारा थर, मोबाईलच्या निळ्या उजेडाची काच अशा बऱ्याच गोष्टी दुकानदार पुढे करील. रात्री गाडी चालवणाऱ्याला चमक कमी करणाऱ्या थराचा थोडा उपयोग होतो. बाकीचे हौसेचे. आधी नंबर बरोबर आणि फ्रेम सुखाची, मग उरले पैसे तर हौस.

दूर आणि जवळ दोन्ही नंबर असतील तर प्रश्न येतो एक चष्मा की दोन. खाली टिकली असलेली दुहेरी काच परवडते आणि ग्रामपंचायतीत, बँकेत बसून काम करणाऱ्याला बरी पडते. पण त्या टिकलीतून जमीन धूसर दिसते. विहिरीच्या पायऱ्या उतरताना, बांधावरून चालताना पाय चुकतो. सवय होईपर्यंत मान खाली घालून वरच्या भागातून पाहावे. ज्यांना दिवसभर रानात राहायचे आणि दूरचे बरे दिसते, त्यांनी जवळचा वेगळा चष्मा करून खिशात ठेवावा, हे जास्त सोपे. रेषा न दिसणारी तिहेरी काच महाग असते आणि तिच्या कडेने पाहिले तर वाकडे दिसते. तिच्याशिवाय शेतकऱ्याचे काही अडत नाही.

आठवडे बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या तयार चष्म्याचे काय? तो विष नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, आडवा नंबर नसेल आणि डोळे एकदा तपासलेले असतील तर फक्त जवळच्या कामाला तो चालतो. नंबराचा कागद हातात ठेवून त्याच नंबराचा घ्या. वाचून पाहताना काच हलवा, अक्षरे लाटेसारखी हलली तर तो सोडा. पण डोके दुखू लागले किंवा दोन डोळ्यांत फरक असेल तर नंबराप्रमाणे बनवूनच घ्यावा. भावाचा, वडिलांचा, शेजाऱ्याचा चष्मा घालणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे पायताण घालून वारी करण्यासारखे आहे.

बिल मागा. 22 सप्टेंबर 2025 पासून नंबराच्या चष्म्यावरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला आहे. काचेचा प्रकार बिलावर लिहून घ्या. चष्मा हातात आला की तो दुकानातल्या यंत्रावर ठेवून नंबर कागदाशी जुळतो का, हे समोर दाखवायला सांगा. बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर बघतो तितकेच हे गरजेचे आहे.

निगा आणि एक इशारा

धोतराच्या सोग्याने किंवा पदराने कोरडा चष्मा पुसू नका. काचेवरची धूळ म्हणजे बारीक वाळूच, तिनेच चरे पडतात. आधी पाण्याने धुवा, साबणाचे एखादे बोट फिरवा, मग मऊ सुती फडक्याने टिपा. चष्मा दोन्ही हातांनी काढा, एका हाताने काढला की बिजागरी ढिली होते. ठेवताना काच खाली नको. ट्रॅक्टरच्या तापलेल्या बॉनेटवर तर नकोच. मागे दोरी बांधली तर वाकताना पडत नाही. लोक हसतील, दोन दिवसांनी तेच दोरी मागतील.

आणि हे नीट ध्यानात ठेवा. नंबराचा चष्मा म्हणजे फवारणीचा गॉगल नव्हे. बाजूने तुषार आत येतातच. फवारताना चष्म्यावरून बसणारा बंद गॉगल घाला, आणि औषध लागलेल्या हाताने चष्मा सावरू नका. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण मात्र चष्मा घालून बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. रंग धूसर डोळ्यांनाही दिसेल, पण एकरी किती मिली आणि काढणीआधी किती दिवस थांबायचे, हे बारीक अक्षरातच असते.

घरातल्या बायांचे काय?

घरात चष्मा पहिल्यांदा येतो तो पुरुषाला. बाई मात्र सून सुईत दोरा ओवून देते, नातू तांदळातले खडे दाखवतो, असे करून वर्षे काढते. चष्मा लावला तर म्हातारी दिसेन, लोक हसतील, ही लाज. कापूसवेचणी तिचीच, धान्य निवडणेही तिचेच, बचत गटाच्या वहीवर सहीही तिचीच. रकमेचा आकडा न दिसता सही करावी लागणे ही खरी लाज आहे. तपासणीला जाताना कारभारणीलाही सोबत न्या. तिच्या फ्रेमीला डोक्यावरचा पदर अडकतो का, हेही दुकानातच बघा.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि आमच्यासारखे शेतीखात्यातले लोक, आपल्यालाही यात काम आहे. नेत्र शिबिरे होतात. किती चष्मे वाटले याचा आकडा अहवालात जातो. किती जणांनी ते महिन्यानंतर घातले, हे कोणी विचारत नाही. एकाच मापाच्या फ्रेमी खोक्यातून काढून वाटल्या तर त्या कोनाड्यातच जाणार. म्हणून शिबिर मे महिन्यात, पेरणीच्या आधी घ्या. चष्मे वाटायच्या दिवशी फ्रेम बसवून देणारा कारागीर बोलवा. महिन्याने आशाताईंना घरोघरी विचारायला सांगा की चष्मा घालता का, नसाल तर कुठे सलतो. तो चष्मा परत बसवून द्या.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. शाळकरी मुलांना आणि वृद्धांना मोफत चष्मे देण्याची त्यात तरतूद झालेली आहे. राज्य सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली, तिच्यात 65 वर्षांवरील गरजूंना चष्म्यासारख्या साधनांसाठी एकरकमी 3000 रुपये ठरले होते. अशा योजनांचा निधी, अर्ज यांची सद्यःस्थिती ग्रामसेवकांनी समाजकल्याण कार्यालयात आणि आरोग्य खात्यात विचारून ग्रामसभेत सांगावी. गावात कितीजण पात्र आहेत याची यादी करायला एक दिवस पुरतो.

आणखी एक अगदी बिनखर्चाची गोष्ट. ग्रामपंचायतीच्या टेबलावर, तलाठी कार्यालयात आणि प्रत्येक कृषी सेवा केंद्रात दीड, दोन आणि अडीच नंबरचे तीन तयार चष्मे दोरीने बांधून ठेवा. 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली. पीकविम्याचा अर्ज, कर्जाचे कागद, सगळे बारीक अक्षरात. न वाचता अंगठा उठतो आणि नंतर वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. पाच मिनिटे चष्मा लावून वाचले तर कितीतरी भांडणे कचेरीच्या दारातच मिटतील. औषध विकणाऱ्यानेही बाटली देताना सांगावे, "काका, हा चष्मा लावा आणि मात्रा माझ्यासमोर वाचा."

आबांनी पुढल्या वर्षी पुन्हा कपाशी लावली. तणनाशकाला पंप वेगळा ठेवला, फळी वेगळी केली. चष्म्याला दोरी बांधली आणि तो गळ्यात अडकवला. मी शेतावर गेलो की आता तेच मला बाटली वाचून दाखवतात, आणि माझ्या चिठ्ठीतले अक्षर लागत नाही म्हणून वर रागावतात. तो राग मला आवडतो.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढेच करा. कोनाडा बघा. तिथे चष्मा असेल तर तो पुसून डोळ्यांवर घाला, आणि सलत असेल तर येत्या बाजाराच्या दिवशी पिशवीत टाकून तालुक्याला न्या.